फोन आला की कुठं पळता?

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या दुकानात जुन्या वायरी कपाटाखाली साठत जातात, तसे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर चार सोबत निघतात. परवा घरी मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. मी सहज सुदामकाकांचा एक किस्सा सांगायला घेतला, त्यातून दुसरा निघाला, दुसऱ्यातून तिसरा, आणि आमटी गॅसवर तशीच राहिली. शेवटी एकजण वैतागून म्हणाली, "संध्या, हे सगळं लिहून काढ, आणि आम्हाला आता वाढ."

वाढलं. आता लिहिते आहे.

घनसावंगीत बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमचं दुकान आहे. पुढे कॉम्प्युटरची विक्री-दुरुस्ती आणि मागच्या खोलीत क्लास. मालकांना अख्खं गाव 'सर' म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. मी काउंटर सांभाळते, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. क्लासवर शिकवायला राधिका होती. बी.एस्सी. झालेली, बोलायला कमी आणि कामाला चोख. आणि चौथे सुदामकाका. त्यांची नेमणूक झाली होती झाडलोट, पाणी आणि चहा एवढ्यासाठी. शिक्षण चौथी. वय विचारलं की म्हणायचे, "पन्नाशीच्या पुढचं मी मोजत न्हाई."

आज आमच्या भागात कुणाच्या घरी कॉम्प्युटरला नेट लावायचं असेल, तर लोक सर आहेत का म्हणून विचारत नाहीत. काका कधी येतील, असं विचारतात. हे कसं झालं, ते आधी सांगते.

* * *

रस्त्याच्या कामात कुणीतरी खोदताना आमची नेटची केबल तुटली. नेमके फॉर्म भरायचे दिवस. बाहेर रांग लागलेली. सर तातडीने जाऊन डोंगल घेऊन आले. डोंगल म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडं लांब एक डबडं. त्याच्या पोटात सिमकार्ड, तोंडाला यूएसबीची पिन. कॉम्प्युटरला खोचलं की नेट सुरू, असं निदान खोक्यावर लिहिलेलं असतं.

सर, राधिका आणि मी, तिघं त्या डबड्याभोवती बसलो. सॉफ्टवेअर टाकलं. काढलं. पुन्हा टाकलं. सेटिंग बदलली. डोंगलचा दिवा लाल तो लालच. कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. ते आम्ही चार वेळा केलं.

काका दुसऱ्यांदा चहा घेऊन आले आणि कप ठेवून तिथेच उभे राहिले.

"सर, एक विचारू का? रागावणार न्हाई ना?"

"विचारा."

"तुम्हाला फोन आला की तुम्ही कुठं पळता?"

सरांनी नुसतं वर पाहिलं. कारण फोन वाजला की सर खुर्चीतून उठतात आणि मागच्या खिडकीपाशी, पाण्याच्या ड्रमजवळ जाऊन बोलतात, हे आम्ही सगळेच वर्षानुवर्षं बघत होतो.

"तुम्ही स्वतः खिडकीत पळता, अन् ह्या डबड्याला इथं भिंतीआड बसवून राह्यले. त्याच्यात बी सिमच हाये ना?"

आम्ही टेबल उचलून ड्रमजवळ नेलं. दिवा लालचा हिरवा झाला, हिरव्याचा निळा झाला आणि निळाच राहिला.

सरांनी खिळ्याला टांगलेली दुरुस्तीची पिशवी काढली आणि काकांच्या खांद्याला अडकवली. "उद्यापासून चहा मी करतो," म्हणाले. चहा त्यांनी कधी केला नाही ही गोष्ट वेगळी, पण पिशवी मात्र परत मागितली नाही.

* * *

पिशवी आली तरी इंग्रजी येत नव्हतं. ते राधिकाने शिकवलं. क्लास सुटला की ती काकांना समोर बसवायची आणि स्क्रीनवरचा एकेक शब्द वाचून घ्यायची. इन्स्टॉल, कनेक्ट, डिस्कनेक्ट. काका वहीत चित्र काढल्यासारखी अक्षरं काढायचे आणि शेजारी मराठीत अर्थ लिहायचे. महिन्याभरात ते इंग्रजी अक्षरं लावून वाचायला लागले. ती वयाने त्यांच्या निम्मी, पण तेव्हापासून त्याचा विचार न करता ते तिला 'मास्तरीणबाई' म्हणायचे, आणि ती लाजून दुसरीकडे बघायची.

काकांची कामाची रीत अशी, की गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर पिशवी उघडायचीच नाही. आधी पाणी प्यायचं. मग घरातल्या प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारायचा. फोन आला की कुठं पळता? त्यांचं म्हणणं, प्रत्येक घरात रेंजची एक जागा असते आणि ती घरच्यांच्या पायांना माहीत असते. ती सापडली की कॉम्प्युटर तिथे न्यायचा. तिथे काय आहे, हे बघायचं नाही.

गोदाकाठच्या एका गावात गणपतरावांनी मुलांच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर घेतला. त्यासाठी खास नवी खोली बांधली. रंग दिला, पंखा लावला, खिडकीला पडदा लावला. काकांनी प्रश्न विचारला. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकाच दिशेला बोट केलं. गोठा.

काका गोठ्यात जाऊन उभे राहिले. फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या.

"काका, तिथं म्हैस बांधलेली हाये," गणपतराव म्हणाले.

"तिला रेंजचं काय काम? तिला हलवा."

पावसाळ्याचे दिवस होते. म्हशीला हलवायला दुसरी कोरडी जागा एकच होती. गोठा धुऊन काढला, टेबल मांडलं, डोंगल लावलं, पहिल्या झटक्यात नेट सुरू. आठ दिवसांनी गणपतरावांचा दुकानात फोन आला. मीच घेतला.

"कॉम्प्युटर कसा चालतोय?"

"एकदम बराबर."

"मग?"

"म्हशीचं विचारायचं व्हतं. पंखा बंद केला की धारच काढू देत न्हाई."

* * *

सरांनी काकांना मोटरसायकल देऊ केली होती. खेडोपाडी जायचं, वडापच्या जीपमध्ये कोंबून कशाला जाता? काकांनी साफ नकार दिला.

"मोटरसायकलवर मला माणसं ऐकू येत न्हाईत," म्हणाले.

मला तेव्हा कळलं नाही. एकदा त्यांच्यासोबत जीपने गेले तेव्हा कळलं. जीपमध्ये पंधरा माणसं आणि त्यातली निम्मी फोनवर. काका मागच्या सीटवर दाराशी बसलेले. कुणाचं तरी बोलणं चालू असायचं आणि मध्येच "हॅलो, हॅलो" सुरू व्हायचं. त्या क्षणी काका बाहेर बघायचे. कोणतं वळण, कोणता पूल, कोणतं झाड. मग त्या माणसाला विचारायचे, "कार्ड कोणतं हाये तुमचं?" असं वर्षभर जीपमध्ये बसून त्यांनी सगळा तालुका पाठ केला होता.

पुढे एका फोन कंपनीचा इंजिनिअर दुकानात आला. त्याने टेबलावर नकाशा पसरला. आमचा सगळा भाग हिरव्या रंगाने भरलेला. "इथे सगळीकडे आमचं कव्हरेज आहे," तो म्हणाला.

काकांनी चष्मा लावला आणि नकाशावर बोट ठेवलं. "इथं ओढ्याच्या पुलावर न्हाई. इथं शाळेच्या मागं हाये, पण सकाळीच. शाळा सुटली की पोरं फोन घेऊन बसतात, मंग सगळं जाम. अन् ह्या वस्तीवर तुमचं बिलकुल येत न्हाई, दुसऱ्याचं येतं."

इंजिनिअर लिहून घ्यायला लागला. लिहिता लिहिता आदराने म्हणाला, "काका, आधी कोणत्या कंपनीत होता तुम्ही?"

"मागच्या सीटवर," काका म्हणाले.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा होते. नांगर, कुऱ्हाड, शिवणयंत्र, ट्रॅक्टर. बाजारपेठेतल्या एका खत-बियाणांच्या दुकानदाराने त्याच भक्तीने डोंगलची पूजा केली. नुसती वरवर नाही. टोपण काढून, पिनेला हळद, पिनेला कुंकू, वर अक्षता आणि झेंडूची पाकळी.

दुसऱ्या दिवशी नेट बंद. काका गेले. डोंगल हातात घेतलं, उजेडात धरलं. पिनेच्या आत कुंकवाचा थर बसलेला आणि तांदळाचा एक दाणा खोल रुतलेला. दुकानदाराची बायको शेजारी उभी होती आणि नवऱ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्यावरून घरात आधीच काय काय झालं असेल ते कळत होतं.

"माझी पूजा चुकली का काका?" त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"पूजा बराबर हाये. फक्त ह्याचं तोंड कोणतं अन् पाठ कोणती, ते बघून करायची असती," काका म्हणाले. दात घासायचा जुना ब्रश आणि थोडं स्पिरिट घेऊन त्यांनी पाऊण तास ती पिन साफ केली. दाणा टाचणीने अलगद काढला. नेट सुरू झाल्यावर मग स्वतःच्या हाताने डोंगलच्या पाठीला कुंकवाचं एक बोट लावलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काका सकाळपासून दिसेनात. बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानात जाऊन "टोपण लावून पूजा करा" असं सांगत फिरत होते.

* * *

मध्येच राधिकाचं सांगायला हवं.

तिचं लग्न झालं. सासर आमच्यापासून जीपने तासभर. नवरा जालन्याला नोकरीला, शनिवारी घरी येणारा. घरात सासू-सासरे आणि राधिका. सासरे दादाराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. बांधाचं भांडण असो की सोयरिकीचं, लोक त्यांच्या बैठकीत येऊन सोडवून घ्यायचे.

लग्नानंतर राधिकाने क्लास सोडला, पण स्वस्थ बसली नाही. पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला. दवाखान्यांची कागदपत्रं ऑनलाइन तपासायची, घरात बसून, रोज दहा ते सहा. तीन परीक्षा ती पास झाली. शेवटी राहिली एक चाचणी. एक पूर्ण दिवस घरूनच काम करून दाखवायचं. नेट तुटलं तर नाव रद्द. काम चालू असताना मोबाइल जवळ ठेवायचा नाही, हाही नियम, म्हणजे मोबाइलवरून नेट घेण्याची सोय गेली.

दादारावांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "घरात बसून होत असंल तर खुशाल करा. घरात नेट न्हाई आलं, तर विषय संपला. शहरात जाऊन ऱ्हायची गोष्ट काढायची न्हाई."

त्यांच्या घरात रेंज येत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. राधिकाने मला फोन केला तो गच्चीच्या कठड्याला टेकून. तीनदा तुटला. "ताई, काकांना पाठवाल का?" एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं आणि तसं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मला दिवसभर काम सुचलं नाही.

तो दिवस शेवटी सांगते. तो आठवला की मला त्यानंतर दुसरं काही सांगता येत नाही.

* * *

भीमरावांचा किस्सा मात्र आधीच सांगून टाकते.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, त्याच आठवड्यात त्यांनी डोंगल घेतलं. सोबत नवीन सिम मिळालं. त्याचा नंबर इतका सोपा, लक्षात राहणारा, की भीमराव खूश झाले आणि तोच नंबर लग्नपत्रिकेवर 'संपर्क' म्हणून छापून टाकला. पाचशे पत्रिका वाटल्या. डोंगलला घंटी नसते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

लग्नाला चार दिवस राहिले असताना त्यांचा निरोप आला, नेट हळू चालतंय. काका निघाले, त्यांचा प्रिंटरही बघायचा होता म्हणून मीही गेले. काकांनी डोंगलचं सॉफ्टवेअर उघडलं आणि मेसेजच्या खान्यावर क्लिक केलं. यादी संपता संपेना. मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले, त्यामुळे भीमरावांना ते वाचता येईनात. फोन का लागत नाही? कार्यालय कोणतं? बस्ता कधी? मुलीच्या आत्याने तर नुसतं "बरं" एवढंच पाठवलं होतं.

भीमराव डोक्याला हात लावून बसले. काका एकेक मेसेज वाचत गेले आणि भीमराव दुसऱ्या फोनवरून एकेकाची माफी मागत गेले. तासभर हे चाललं. मग आला मुलीच्या मोठ्या मामांचा मेसेज. मी काकांच्या मागे उभी होते, मला स्क्रीन स्पष्ट दिसत होता. त्यात लिहिलं होतं, आम्हाला टाळायचंच होतं तर पत्रिका कशाला दिली, आम्ही कोणी येत नाही.

काकांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "मामा म्हणतात, फोन लागत न्हाई, फार काळजी वाटून राह्यली."

भीमरावांचे डोळे भरले. त्यांनी लगेच मामांना फोन लावला. "मामा, तुम्हाला माझी एवढी काळजी वाटली, अन् मला पत्ताच न्हाई," म्हणाले. पलीकडून मामांचा आवाज आला, "दोन दिवस आधीच येतो. मांडवाचं मी बघतो."

बाहेर आल्यावर मी काकांना म्हटलं, "तुम्ही ते चुकीचं वाचलं."

"ताई, माझी चौथी झालेली हाये," काका म्हणाले. "तेवढं चुकायचंच."

* * *

काकांचं कधी चुकलं नाही असं नाही. उद्धवरावांच्या शेतातल्या वस्तीवर त्यांनी फेब्रुवारीत डोंगल लावलं. सहा महिने उत्तम चाललं. पावसाळा संपत आला तसं नेट रोज थोडं थोडं कमी व्हायला लागलं आणि एक दिवस बंदच पडलं. काका गेले आणि दुपारी पडलेल्या चेहऱ्याने परत आले.

"ताई, मी घर बघितलं. शिवार न्हाई बघितलं."

फेब्रुवारीत ऊस नुकताच तुटून गेला होता, सगळीकडे मोकळं रान. आता घराच्या तीन बाजूंनी दोन पुरुष उंचीचा ऊस उभा होता आणि ओल्या पाल्यातून रेंज आत यायला तयार नव्हती. उद्धवरावांनी काकांना चांगलंच सुनावलं होतं. "कारखान्याची तोड येईपर्यंत लेकीनं निकाल बघायचा न्हाई का?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, यात माझा काय दोष, ऊस तुम्ही लावला. काका दुसऱ्याच दिवशी पुन्हा गेले. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उंच बांबू बांधला. लोणच्याची प्लास्टिकची बरणी उलटी करून त्यात डोंगल ठेवलं, म्हणजे पाऊस लागणार नाही. तिथून लांब वायर खाली सोडली. वायर टेबलापर्यंत पुरेना, म्हणून टेबलच माळवदाच्या जिन्यात नेलं. मुलीने जिन्यात बसून निकाल पाहिला. पास झाली होती.

तेव्हापासून काकांच्या प्रश्नांत आणखी एकाची भर पडली. घराभोवती काय पेरलंय? हे इतकं पसरलं, की आता लोक काउंटरवर येऊन आधी पीक सांगतात. मागच्या महिन्यात एकजण आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "नेट पाहिजे. चहूकडून कापूस हाये."

आतून काकांचा आवाज आला, "कापूस चालतो."

* * *

राधिकाची चाचणी सोमवारी होती. कंपनीचं पत्र शनिवारी संध्याकाळी आलं, रविवारी त्या बाजूची जीप नसते. सोमवारी पहिल्या जीपने काका आणि मी निघालो. आठ वाजता पोहोचलो. दहाला काम सुरू व्हायचं होतं.

दादाराव बैठकीत दिवाणावर बसलेले होते. पाठीला लोड, शेजारी पानाचा डबा. त्या दिवाणावर त्यांच्याशिवाय कुणी बसत नसे. मुलगासुद्धा घरी आला की समोरच्या खुर्चीवर बसायचा, हे राधिकाने मला पूर्वीच सांगितलं होतं. त्यांनी आमचं चांगलं स्वागत केलं, चहा सांगितला.

काकांनी पाणी प्यायलं आणि विचारलं, "दादा, फोन आला की तुम्ही कुठं जाता?"

"चावडीपर्यंत जातो. सुदामराव, मी आधीच सांगितल्तं. ह्या घरात टावर येत न्हाई."

राधिकाला विचारलं. ती म्हणाली, गच्चीवर, पण तिथेही टिकत नाही. काका गच्चीवर गेले. जिन्यात उभे राहिले. राधिकाची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, परसातली चूल, बैठक सोडून सगळीकडे डोंगल आणि लॅपटॉप घेऊन फिरले. दिवा लाल. कुठे हिरवा व्हायचा आणि पुन्हा लाल. साडेनऊ झाले. राधिका दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या हातात कंपनीचं पत्र होतं आणि ते तिने इतकं घट्ट धरलं होतं की त्याला घड्या पडल्या होत्या. इतक्या वर्षांत काकांचा प्रश्न पहिल्यांदाच वाया जाताना मी बघत होते. मला देवाचं नाव घेण्यापलीकडे काही सुचेना.

कौसाबाई, म्हणजे राधिकाच्या सासूबाई, चहाचे कप न्यायला बैठकीच्या दारात आल्या. काका त्यांच्याकडे वळले.

"अक्का, तुम्ही फोनवर कुठं बोलता?"

दादाराव हसले. "तिला कोण फोन करतंय?"

कौसाबाईंनी कपांचा ट्रे खाली ठेवला. नवऱ्याकडे पाहिलं. मग राधिकाच्या हातातल्या त्या चुरगळलेल्या पत्राकडे पाहिलं.

"दिवाणावर," त्या म्हणाल्या.

दादारावांनी मागे वळून लोडाकडे पाहिलं.

"लोडाच्या मागं, खिडकीच्या अंगानं. तिथं बराबर ऐकू येतं. हे दुपारी शेतात गेले की मी बसते तिथं. लेकीशी बोलते."

"कधीपासून?" दादारावांनी विचारलं.

"तिचं लग्न झाल्यापासून. सात वर्षं व्हतील. रोज."

राधिका पुढे झाली. "आई, राहू द्या. मी सांगते कंपनीला, नाही जमलं म्हणून."

कौसाबाईंनी तिला हातानेच थांबवलं. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी जे वाटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. काका नुसते हातातल्या डोंगलकडे बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते.

दादारावांनी पानाचा डबा उचलला. उठले. चपला घातल्या आणि कुणाकडे न बघता बाहेर निघून गेले.

सगळं संपलं असं मला वाटलं.

"मांडा," कौसाबाई म्हणाल्या. "त्यांचं मी बघते."

काकांनी लोड बाजूला केला. राधिका दिवाणावर मांडी घालून बसली, समोर चौरंग, चौरंगावर लॅपटॉप. काकांनी डोंगल खोचलं. लाल, हिरवा, निळा. निळाच राहिला. बरोबर दहाला कंपनीतल्या बाईंचा आवाज आला आणि काम सुरू झालं. काका आणि मी खाली सतरंजीवर बसलो होतो. कौसाबाई दारात. कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

अकराच्या सुमाराला बाहेर अंगणात मोठमोठ्याने आवाज आले. बांधाच्या भांडणातली दोन्हीकडची माणसं सरपंचांना घेऊन आली होती. "चला, बैठकीतच बसू," कुणीतरी म्हणालं आणि चपला काढल्याचा आवाज आला. राधिकाची बोटं कीबोर्डवर थांबली. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

लिंबाखाली एका पोत्यावर दादाराव बसलेले होते. पानाचा डबा मांडीवर. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"इथंच बसा," ते म्हणाले. "अन् हळू बोला. आत हापिस चालू हाये."